भरती न होता व्यसनमुक्ती : नागपुरात ओपीडीतून उपचार कसा सुरू करावा

व्यसनमुक्ती केंद्राला पहिला फोन बहुतेक वेळा घरच्यांचाच येतो, आणि पहिला प्रश्नही ठरलेला असतो : "किती दिवस ठेवता?" फोन करणारी बायको असो, आई असो की मोठा भाऊ, डोळ्यांसमोर चित्र एकच असतं. मोठं फाटक, कुलूप, तीन महिने भेट बंद. या चित्रापायी घरचे वर्षानुवर्षं थांबून राहतात. ज्याला व्यसन आहे तो तर केंद्राचं नाव काढताच बिथरतो. नोकरी जाईल, मोहल्ल्यात बोभाटा होईल, लेकरांची फी कोण भरेल?

व्यसनाच्या बहुसंख्य रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. ते घरी राहून, कामावर जाऊन, आठवड्यातून एकदा ओपीडीत येऊन उपचार घेऊ शकतात. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांत एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. बाकीचे आले नाहीत याला कारणं अनेक आहेत, पण "जायचं म्हणजे कोंडून घ्यायचं" हा समज त्यातलं मोठं कारण आहे असं मला या कामात सतत दिसत आलं आहे. म्हणून हा लेख, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी : ओपीडी चालेल की भरतीच हवी?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण इथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. विशेषतः दारूच्या बाबतीत.

रोज सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते, न घेतल्यास हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, अशी अवस्था असेल तर शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाने "आजपासून बंद" म्हणून एकदम थांबू नये. घरच्यांनीही त्याला खोलीत कोंडून दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके, म्हणजे फिट्स, येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : माणूस घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो, अंग तापतं. लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि मांत्रिकाकडे नेतात. तो वेळ रुग्णालयात जायला हवा होता. उपचार न मिळाल्यास हा भ्रम प्राणघातक ठरू शकतो.

तेव्हा पुढच्यातलं काहीही असेल तर ओपीडीच्या रांगेत ताटकळू नका, थेट आपत्कालीन विभागात जा किंवा १०८ ला फोन करा : नुकताच झटका येऊन गेला आहे, भ्रम चालू आहे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली आहे, डोळे पिवळे आणि शुद्ध हरपत चालली आहे, किंवा जीव देण्याची भाषा सुरू आहे. आधी कधी दारू सोडताना झटके आले होते, झोपेच्या गोळ्याही भरपूर खातो, हृदयाचा किंवा लिव्हरचा मोठा आजार आहे, बाई गरोदर आहे, किंवा घरी लक्ष ठेवायला कुणीच नाही, अशा माणसालाही डॉक्टर बहुधा सुरुवातीचे काही दिवस भरती ठेवतात. त्यानंतर तोही ओपीडीतच येतो.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने खात असाल तर त्याही एकदम तोडू नका. दारूसारखेच झटके त्यातही येतात. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

गांजा, खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी), तंबाखू यांत सोडतानाचा त्रास जिवावरचा नसतो. चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, डोकं दुखणं एवढंच. ब्राउन शुगर किंवा अफूजन्य गोळ्या-सिरप सोडताना अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, रात्रभर तळमळ असे हाल होतात, पण एरवी तब्येत धड असलेल्याच्या जिवाला सहसा धोका नसतो आणि औषधाने त्रास बराच कमी होतो. या सगळ्यांसाठी ओपीडी पुरते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणाऱ्या पोरांचं थोडं वेगळं. सोडल्यावर ते दिवसदिवस झोपतात, मग एकदम उदास होतात, आणि त्या उदासीत जीव द्यायचे विचार येऊ शकतात. यावर ठरलेलं असं औषध नाही, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत भेटी लवकर लवकर ठेवाव्या लागतात आणि घरच्यांनी पोराला एकटं सोडायचं नसतं.

दुसरी पायरी : नागपुरात जायचं कुठे

सरकारी ठिकाणं चार. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधलं एम्स आणि मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय. पहिल्या तीन ठिकाणी केस पेपर काढताना खिडकीवर "मानसोपचार" किंवा "सायकियाट्री" एवढं सांगितलं तरी पुरतं. रांगेतल्या लोकांसमोर व्यसनाचं नाव घ्यायची गरज नाही. आधार कार्ड जवळ ठेवा आणि सकाळी लवकर पोहोचा, कारण नवीन केस पेपर दुपारपर्यंत चालू राहत नाहीत. आधी कुठे उपचार झाले असतील तर ते कागद, चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि जुने रक्ताचे रिपोर्ट पिशवीत टाका.

मानकापूरचं नाव काढलं की चेहरे बदलतात. "मी काय पागल आहो का?" हे वाक्य ऐकलं नाही असा या कामातला माणूस नागपुरात सापडायचा नाही. पण ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. केस पेपर काढायचा, डॉक्टरला भेटायचं, गोळ्या घ्यायच्या, परत यायचं. तरीही तिथे जायला जीव धजत नसेल तर मेडिकल, मेयो किंवा एम्समध्ये जा, तिथल्या गर्दीत कोण कुठल्या खोलीत चाललं आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं. जागेपायी अडून राहू नका.

खाजगी मानसोपचारतज्ज्ञ शहरात भरपूर आहेत आणि त्यांच्यापैकी बरेचजण व्यसनाचे रुग्ण बघतात. शिवाय संस्थांची केंद्रं आहेत. संस्था निवडताना दोन गोष्टी तोंडावर विचारा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली नोंदणी झाली आहे का, आणि मानसोपचारतज्ज्ञ स्वतः रुग्णाला बघतात का, किती वेळा. उत्तर गोलमोल आलं तर उठून या. "आम्ही घरून उचलून नेतो, तुम्ही फक्त पत्ता द्या" म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी निगडित मानसिक आजार या कायद्यात येतात, आणि साखळीने बांधून ठेवायला कायद्याने स्पष्ट मनाई आहे. मारून व्यसन सुटत नाही. मार खाऊन आलेला माणूस पुढे कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही, आणि ते नुकसान भरून काढायला वर्षं लागतात.

कुठे जावं ते ठरत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे, निःशुल्क. मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६.

तिसरी पायरी : तो तयारच नसेल तर

"तो काही ऐकूनच नाही राहिला. म्हणते, मी कधी बी सोडू शकतो." मग तुम्ही एकट्या या. ओपीडीत घरच्यांनी एकटं येण्याची सोय असते आणि ती सगळ्यात कमी वापरली जाणारी सेवा आहे. त्याच्याशी कधी बोलावं, काय बोलू नये, पैसे कसे सांभाळावेत हे शिकून गेलात तर काही आठवड्यांत तोही येण्याची शक्यता वाढते.

बोलायची वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना. चार नातेवाईक बोलावून पंचायत भरवू नका. "तू असा, तू तसा" असं न म्हणता घडलेली गोष्ट सांगा : "परवा रात्री गाडीवरून पडले तुम्ही, पोरगी रात्रभर रडली." मग एकच मागणी : "एकदा डॉक्टरला दाखवून येऊ, गोळ्या घ्यायच्या की नाही ते नंतर ठरवू." सोडण्याचं वचन मागू नका. एका भेटीचं मागा.

फसवून आणू नका. "बीपी तपासायला चाललो" म्हणून आणलेला माणूस दारावरची पाटी वाचतो आणि पुढची दोन वर्षं येत नाही.

आणि पिऊन येऊ नये, हे खरं. डॉक्टरला नीट तपासता येत नाही. पण रोज पिणाऱ्याने त्यासाठी आदल्या दिवसापासून एकदम तोडूही नये. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून थोडी घ्यावीच लागली असेल तर तसं सांगा. कुणी हाकलून देणार नाही.

चौथी पायरी : पहिली भेट

पहिल्या भेटीला वेळ लागतो. अर्धा दिवस मोकळा ठेवा. बहुतेक ठिकाणी आधी समाजसेवक किंवा समुपदेशक बोलतात, मग डॉक्टर.

किती आणि कधीपासून, हे विचारतील. इथे "थोडीशी", "कधीमधी" अशी उत्तरं देऊन उपयोग नाही, कारण सुरुवातीच्या औषधाची मात्रा यावरच ठरते. तुमच्या भाषेतच सांगा : रोज किती पव्वे, देशी की इंग्लिश, मोह्याची दारू असेल तर किती बाटल्या. १८० मिलिच्या एका इंग्लिश पव्व्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यामुळे डॉक्टर हिशोब आपोआप लावतात. मोह्याची कडक-नरम प्रत भट्टीगणिक बदलते, म्हणून त्यात अंदाजच चालतो. त्यासोबत खर्रा किती पुड्या, विडी, गांजा, गोळ्या, सगळं सांगा. दारूची फाइल काढून खर्रा लपवणारे पुष्कळ असतात. लपवायचं कारण नाही, दोन्हींवर एकाच ठिकाणी उपचार होतो.

मग झोप, भूक, मन:स्थिती, जीव द्यायचे विचार, घरातलं वातावरण, कर्ज. हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतील. पण दारूच्या मागे कितीदा नैराश्य किंवा घबराटीचा आजार दडलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर नुसतं व्यसनाचं औषध अपुरं पडतं.

रक्त तपासणीत लिव्हर, साखर, रक्तपेशी बघतात. सुईने नशा घेत असाल तर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. कधी लघवीची तपासणी होते. ती शिक्षेसाठी नसते, शरीरात नेमकं काय आहे ते कळावं म्हणून असते.

सगळ्यांना एक भीती असते : हे बाहेर जाईल का? रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं हे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ओपीडीतून तुमच्या कंपनीला कुणी फोन करत नाही. हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्यांना सुटीसाठी कागद लागतो. त्यावर काय लिहायचं ते डॉक्टरशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. गर्द-गांजावाल्यांना पोलिसांची धास्ती असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे : केवळ सेवनाच्या किंवा अगदी अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल आणि तो पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. विकणाऱ्यांना हे लागू नाही. खटला आधीच चालू असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

पाचवी पायरी : पहिले आठ-दहा दिवस

दारूसाठी सुरुवातीला थरथर आणि झटके टाळणाऱ्या गोळ्या देतात. मात्रा पहिल्या दिवशी जास्त आणि रोज थोडी कमी, साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, अनेकदा इंजेक्शनातून. साधं टॉनिक समजून ते टाळू नका. दारूने हे जीवनसत्त्व संपतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे "अशक्तपणा आला, सलाइन लावा" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोज चढवायची पद्धत आहे. दारूच्या रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोज चढवणं धोक्याचं असतं, तेव्हा सलाइन लावायला जाल तिथे दारूचं आधी सांगा.

गोळ्या घरच्या एका जबाबदार माणसाकडे असाव्यात आणि वेळेवर हातात द्याव्यात. या गोळ्यांवर दारू प्यायली तर झोप इतकी गाढ येते की श्वास मंदावतो, म्हणून त्या दिवशी प्यायला असेल तर गोळी न देता डॉक्टरांना विचारायचं. गाडी चालवायची नाही, मशीनवर उभं राहायचं नाही. शक्य असेल तर ही सुटी आधीच टाका. आणि दहा दिवस झाल्यावर "बरं वाटते" म्हणून त्याच गोळ्या दुकानातून आणून चालू ठेवू नका. त्यांचीच सवय लागते.

या दिवसांत वरण-भात, केळी, ताक, पाणी, जे पोटात ठरेल ते थोडं थोडं. रात्री झोप येणार नाही. कुणीतरी जवळ असावं. रोज एकदा फोन करून तब्येत कळवा असं सांगितलं असेल तर कळवाच.

सहावी पायरी : पुढची औषधं

शरीर शांत झालं म्हणजे उपचार संपला असं समजून निम्मे लोक इथेच गायब होतात. खरं काम आत्ता सुरू होतं.

दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट देतात. कोणती गोळी द्यायची ते लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या बघून ठरतं. या नशेच्या गोळ्या नाहीत. सहा महिने, वर्षभर घ्याव्या लागल्या तरी घाबरू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या घेताना आपण तारखा मोजत बसत नाही, तसंच.

तिसरं औषध डायसल्फिरम. याच्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं, आणि शेवटच्या गोळीनंतर जवळजवळ दोन आठवडे हा परिणाम टिकू शकतो. ज्याने समजून-उमजून, सही करून ही गोळी स्वीकारली आणि घरच्यांसमोर रोज घेतली त्याला तिचा चांगला आधार होतो. पण "न सांगता भाजीत टाका, दारू सुटेल" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच औषध असण्याची शक्यता असते. माझी कळकळीची विनंती आहे, ताई, हे करू नका. त्याला माहीत नाही, तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमजोर असेल तर तिथेच कोसळतो. शिवाय कळल्यावर तो तुमच्या हातचं जेवणही सोडतो.

अफूजन्य नशेसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे. त्रास सुरू झाल्यावरच पहिली मात्रा देतात. नशा अंगात असताना घेतली तर उलट एकदम त्रास उसळतो, म्हणून मित्राकडून मागून घेऊ नका. "एक नशा सोडून दुसरी धरली" असं घरचे म्हणतात. तसं नाही. ठरल्या मात्रेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली ही गोळी घेणारा पोरगा सुई टोचत नाही, चोरी करत नाही, कामावर जातो. औषध लवकर तोडायची घाई घरच्यांनाच होते आणि बहुतेक वेळा घसरण तिथूनच सुरू होते.

आता खर्रा. विदर्भात याला कुणी व्यसन मानायलाच तयार नाही, पानठेल्यावर घोटून घेतलेली पुडी म्हणजे चहासारखी. त्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही, आणि सवय दोन्हींची लागते. आधी आरशासमोर उभे राहा आणि तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरे चट्टे किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल तर व्यसनाच्या ओपीडीसोबतच मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड दाखवा, आजच्या आज.

खर्रा सोडायला निकोटिनची गोळी म्हणजे च्युइंगम मिळते, पण ती चिंगमसारखी चघळत राहिलं तर पोटात जळजळ होते आणि लोक म्हणतात, "जमत नाही". हळू चावायची, झणझणीत लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण, दोन ते चार आठवड्यांत ओढ बरीच उतरते. गडी दुसऱ्या दिवशी हरतो, आणि त्याला वाटतं की हे असंच आयुष्यभर चालणार. ते तसं चालत नाही, एवढं त्याला आधीच सांगून ठेवलं तरी खूप होतं.

सातवी पायरी : बोलण्याचा उपचार

औषध ओढ कमी करतं. संध्याकाळी सहा वाजता पाय ज्या रस्त्याने वळतात, तो रस्ता औषध बदलत नाही. त्यासाठी समुपदेशन.

पहिल्या बैठका उपदेशाच्या नसतात. उपदेश घरी भरपूर झालेला असतो. समुपदेशक विचारतो : दारूने तुम्हाला काय दिलं? हा प्रश्न ऐकून माणूस चमकतो आणि मग खरं बोलायला लागतो. झोप दिली, मालकाचा अपमान विसरवला, चारचौघांत बोलायची हिंमत दिली. ते दुसरीकडून कसं मिळवायचं, हे पुढच्या बैठकांचं काम.

मग धोक्याच्या जागांची यादी होते, प्रत्येकाची वेगळी. पगाराचा दिवस. ठराविक चौकातला बार. भाटव्याची बैठक. लगनसराई. पोळ्याचा पाडवा, म्हणजे मारबतीचा दिवस : मिरवणूक बघायला मित्र बोलावतात आणि रात्री काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. अशा दिवसाचा बेत आठवडाभर आधी करायचा. मिरवणूक लेकरासोबत बघायची, तान्ह्या पोळ्याचा बैल घेऊन, आणि दुपारी घरी. नकार द्यायचं वाक्यही पाठ करायचं, छोटं आणि कारण न देणारं : "माझं बंद आहे, भाऊ." लिव्हरचं, गोळ्यांचं कारण सांगितलं की समोरचा वाद घालतो.

ओढ उसळली की ती बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जागा बदलायची, पोटभर खायचं, कुणाला तरी फोन लावायचा.

गटबैठका बऱ्याच केंद्रांत आठवड्याला होतात. त्याशिवाय अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका नागपुरात चालतात. फी नाही, नाव-गाव सांगावं लागत नाही, मनात पिणं थांबवायची इच्छा असली की पुरे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट. कुणाला देवाचा आधार होतो, कुणाला भजनाचा. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्या बळावर उभी राहिलेली माणसं या शहरात आहेत. असा आधार जरूर धरा, आणि गोळ्याही चालू ठेवा. दोन्हींत भांडण नाही.

घरच्यांसाठी

कुटुंब समुपदेशन हा जोडीला दिलेला फुकटचा भाग नाही, उपचाराचा अर्धा भाग आहे. पगार कुणाच्या हातात, एटीएम कार्ड कुठे, सावकाराचं किती, हे तिथे ठरतं आणि शक्यतो त्याच्या संमतीने ठरतं. त्याच्यासाठी ऑफिसात खोटं बोलणं, उधारी फेडणं थांबवा. जेवण आणि माणुसकी थांबवू नका. रोज तोंडाचा वास घेऊ नका. तोच संशय त्याला चौकाकडे परत ढकलतो.

मारझोड होत असेल तर त्याच्या उपचाराची वाट बघू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. व्यसन हा आजार असला तरी त्यापायी मार सहन करणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

आणि बायकांच्या व्यसनाबद्दल : गुडाखू, मिसरी, खर्रा, झोपेच्या गोळ्या, दारूसुद्धा. त्या ओपीडीत फार उशिरा येतात, बहुतेकदा एकट्या आणि घाबरलेल्या. स्त्री समुपदेशक मागण्याचा संकोच करू नका.

पुन्हा घेतली तर

बरेचजण पहिल्या वर्षात एकदा तरी घसरतात. तो दिवस लपवला जातो, मग लाज वाटते, मग पुढची तारीख चुकते, आणि तीन महिन्यांनी माणूस होता तिथे पोहोचतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन या. घसरलात म्हणून केस पेपर बाद होत नाही. कधी, कुठे, कुणासोबत, त्याआधी काय झालं होतं, एवढं सांगा. पुढचा बेत त्यावरच आखला जातो.

सुई किंवा गर्दवाल्यांना एक इशारा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीची मात्रा एकदम घेतली तर श्वास थांबून माणूस मरू शकतो. घरच्यांनी ओठ निळे पडलेले, श्वास घोरल्यासारखा किंवा फार मंद झालेला पाहिला तर कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

किती दिवस, किती पैसे

पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा, निदान वर्षभर. सरकारी ठिकाणी केस पेपर किरकोळ पैशात होतो आणि बरीच औषधं आतच मिळतात. एखादी बाहेरून आणावी लागते, तिचा अंदाज आधी विचारून ठेवा. खाजगीत दर भेटीची फी, समुपदेशनाची वेगळी. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असं २०१७ च्या कायद्यात आहे, पण ओपीडीचा खर्च तुमच्या पॉलिसीत बसतो का आणि व्यसनाबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून घ्या.

दिवाळी, पोळा किंवा सलग सरकारी सुट्या आल्या की ओपीडी बंद असते, आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच संपतात. कॅलेंडर बघून आधीच्या भेटीतच जास्तीच्या दिवसांच्या लिहून घ्या. गावी जाणार असाल तर केस पेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात कुठली गोळी कधीपासून चालू आहे ते दाखवता येतं.